चर्चचं नाव काढायचं नाही

अर्व्हिला सोरेन्सनने जन्मात कधी पैज लावली नव्हती. पैज, पत्ते, दारू आणि कॉफी ही त्यांच्या मॉर्मन पंथात एकाच कपाटात कुलूप लावून ठेवायची मंडळी! त्यामुळे ऑगस्ट संपता संपता कुंपणावरून ती शेजारणीला जे बोलली, त्याला ती शेवटपर्यंत ‘शब्द’ म्हणत राहिली. खरं सांगायचं तर ती चक्क पैज होती.

"महिनाभर तुझ्यासमोर मी चर्चचं नावसुद्धा काढणार नाही," ती म्हणाली. "त्यात काय एवढं मोठंसं!"

"तू?" शेजारीण म्हणाली.

"मी."

वूला कलांत्झिसने हातातली बागेची कात्री आधी खाली ठेवली आणि मग ती पोट धरून हसली. कात्री घेऊन हसण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं.

वूला डोंगरापलीकडच्या प्राइस गावची. तिचा आजा ग्रीसहून तिथल्या कोळशाच्या खाणीत आला, आणि तेव्हापासून हे घराणं मॉर्मनांच्या गराड्यात राहूनही आपल्या ग्रीक चर्चची मेणबत्ती विझू न देता जगलं. नवरा गेल्यावर ती लेकीजवळ राहायला म्हणून सॅनपीट खोऱ्यात आली. तिच्या सामानाची गाडी गल्लीत वळते न वळते तोच कुठून कुठून पुरुषमंडळी उगवली, सोफा-पलंग उचलून जागच्या जागी लावले आणि घाम पुसत निघून गेली. संध्याकाळी बायका आल्या. केळ्याचा पाव, लिंबाच्या वड्या, चीज घालून भाजलेले बटाटे. वूलाने सगळं चाटूनपुसून खाल्लं, ताटल्या लख्ख घासल्या आणि घरोघर परत करताना एकच वाक्य बोलून आली: "पाव छान होता. धर्म आहे माझ्याकडे."

यात उद्धटपणा नव्हता, अनुभव होता. आयुष्यभर मॉर्मन बायका तिच्याशी मैत्री करायला आल्या होत्या. हसायच्या, खिदळायच्या, पोरांना सांभाळायच्या आणि वर्षभराने मान तिरकी करून विचारायच्या, की बाप्तिस्म्याबद्दल काही विचार केलास का? वूला नाही म्हणायची. मग रोजचं येणं सणासुदीवर यायचं, आणि सणासुदीचं नुसतं गाडीतून हात हलवण्यावर. त्यातली लोला नावाची एक तर वूलाला सख्ख्या बहिणीहून जवळची होती. तीही गेली, म्हणजे तीन घरं सोडून होती तिथेच राहिली, पण गेली. तेव्हापासून कुणी गोड बोललं की वूला मनातल्या मनात त्याच्या पाठीमागे काय लपवलंय ते शोधायला लागायची.

आणि अर्व्हिला? अर्व्हिला एकटी कधीच नसायची. हेच तर तिचं दुखणं होतं.

तिचा नवरा व्हर्ल जाऊन बरेच दिवस झाले होते. जिवाभावाची मैत्रीण मर्ल तिकडे दक्षिणेला मुलाकडे गेली होती. पण त्यांचा वॉर्ड, म्हणजे एका चर्चला जाणाऱ्या आसपासच्या घरांची बिरादरी, तिला एकटी पडू देणं शक्य नव्हतं. दर महिन्याला दोघी भगिनी नेमून दिलेल्या असायच्या. त्या यायच्या, ख्यालीखुशाली विचारायच्या, एक चांगला विचार वाचून दाखवायच्या आणि ताटली ठेवून जायच्या. अर्व्हिलालाही अशीच घरं नेमून दिली होती आणि तिने चाळीस वर्षांत एकही महिना चुकवला नव्हता. त्यातलं प्रेम खोटं होतं असं कोण म्हणेल? प्रेम खरंच होतं, पण नेमून दिलेलं होतं. संध्याकाळी खिडकीपाशी बसली की तिला फार वाटायचं, कुणीतरी यावं. नेमणूक नसताना यावं. नुसतं यावं, बसावं आणि जेवणाची वेळ झाली की उठून जावं. हे मागणं इतकं क्षुल्लक होतं की प्रार्थनेत घालायचीही तिला लाज वाटायची.

म्हणून तिने वूलाला शब्द दिला. वूलाचीही एकच अट होती. दर बुधवारी दुपारी भेटायचं, पण महिन्याच्या आत चर्च निघालं की मैत्री खलास.

पहिल्या बुधवारी अर्व्हिला वूलाच्या ओसरीवर जाऊन बसली. वूलाने तिच्यासाठी पितळेच्या छोट्या भांड्यात झाडपाल्याचा ग्रीक चहा उकळला. चहा-कॉफी नाही, पण झाडपाला त्यांना चालतो. अर्व्हिलाने घोट घेतला, तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की तिच्याकडे बोलायला काहीही नाही.

हवेवर बोलून झालं. पीचच्या झाडाला कीड लागली होती, त्यावर बोलून झालं. मग वूलाने विचारलं, नवरा कुठे भेटला तुला?

"नाचात," अर्व्हिला म्हणाली.

"कुठे होता नाच?"

"एका हॉलमध्ये."

"कसला हॉल?"

अर्व्हिलाने बराच विचार केला. "बास्केटबॉलची जाळी असलेला."

वूला प्राइसची. चर्चच्या मागच्या बाजूला बास्केटबॉलची जाळी कोण लावतं हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. पण तिने चेहरा मख्ख ठेवला आणि अर्व्हिलाने आपल्या भिंतीवरून कौतुकाने काढून आणलेल्या फोटोंमधला एक उचलला. त्यात टाय लावलेला एक कोवळा मुलगा बर्फात उभा होता.

"हा माझा कर्टिस. तेव्हा फिनलंडमध्ये होता दोन वर्षं."

"अरे वा. शिकायला?"

"नाही."

"नोकरीला?"

"नाही गं. असाच."

"दोन वर्षं असाच? काय करायचा काय?"

"फिरायचा," अर्व्हिला म्हणाली. तिच्या कानशिलावर घाम आला होता. "एक जोडीदार होता त्याच्याबरोबर. दोघं मिळून फिरायचे. लोकांची दारं वाजवायचे."

"आणि दार उघडलं की?"

"फारसं कुणी उघडायचं नाही."

मॉर्मन पोरं धर्मप्रचाराला अशीच दोन वर्षं दारोदार फिरतात, हे वूला जाणून होती. तिला हसू आवरेना, म्हणून ती साखर आणायच्या निमित्ताने आत गेली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर अर्व्हिला घामाघूम होऊन बसली होती. तळघरातली वर्षभराच्या गव्हाची पिंपं, सोमवारी संध्याकाळी घरातच बसायचा नेम, पाच मुलं, व्हर्लची मयत, सगळ्याच्या मुळाशी चर्च होतं. आपल्या आयुष्यातून चर्च काढलं तर हवा आणि पीचची कीड एवढंच उरतं, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळलं, आणि ते काही बरं वाटलं नाही.

पण हार मानेल ती अर्व्हिला कसली! दुसऱ्या बुधवारपर्यंत तिने चर्चला ‘हॉल’, टर्की पक्षी पाळणाऱ्या बिशपला ‘आमचे टर्कीवाले’ आणि देवाला ‘वरचे’ म्हणायचा सराव केला. भांडी घासताना, अंगण झाडताना, गाडी चालवताना, जीभ चर्चकडे वळली की तिला चिमटा. सराव इतका जोरदार झाला की जिभेला आता वार-तिथीचं भान उरलं नाही.

त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, आणि ज्याला वाटेल त्याने सभेत उठून आपल्या श्रद्धेची ग्वाही द्यायची असते. ग्वाहीची सुरुवात ठरलेली: मला माहीत आहे. वाटतं नाही, आशा आहे असंही नाही. माहीत आहे! चार वर्षांचं पोर असलं तरी आईने कानात सांगितलेलं ‘मला माहीत आहे’ माईकमध्ये ओरडून जातं. अर्व्हिला दर महिन्याला उठायची. त्याही रविवारी उठली.

"मला माहीत आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "की हे..."

पुढे ‘चर्च खरं आहे’ असं यायचं होतं. जिभेने तो शब्द ओळखला आणि गिळला. सभा वाट बघत होती. उपाशी पोटी वाट बघणं सोपं नसतं. अर्व्हिलाने पुन्हा जोर लावला.

"मला माहीत आहे की हा हॉल..." ती म्हणाली. "हा हॉल चांगला आहे."

आणि खाली बसली.

सभेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या बाईने हळूच तिचा हात हातात घेतला, आणि तिथेच अर्व्हिलाचं भवितव्य ठरलं. त्यात भगिनी मंडळाच्या अध्यक्ष सिस्टर जॉर्गन्सन यांनी आदल्याच बुधवारी रस्त्यावरून जाताना वूलाच्या ओसरीवर अर्व्हिलाला पाहिलं होतं. समोर पितळेचं भांडं, हातात इवलीशी कपबशी, वाफ येतेय! झाडपाला लांबून झाडपाल्यासारखा दिसत नाही. सिस्टर जॉर्गन्सन यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, फक्त बिशपना काळजीपोटी सांगितली, आणि काळजीपोटीच ती मंगळवारपर्यंत गावभर झाली. सोरेन्सनबाई डळमळतायत.

बुधवारी सकाळी अर्व्हिलाने दार उघडलं तर दारावर कागदाची लाल बदामं चिकटवलेली. ‘आमचं तुमच्यावर प्रेम आहे’, ‘तुम्ही खास आहात’. असली बदामं तिने स्वतः कित्येकदा कापली होती, पण ती चर्चला यायचं सोडलेल्यांच्या दारावर लावायला. मुलं घर चुकली असतील असं समजून तिने ती काढून नीट रचून ठेवली. तेवढ्यात लिंबाच्या वड्या आल्या, दुपारी केळ्याचा पाव. संध्याकाळी दोन धिप्पाड ब्रदर यंत्र घेऊन हिरवळ कापायला आले. हिरवळ तिने सकाळीच कापली होती. त्यांनी ती पुन्हा कापली.

आणि तो आवाज! त्यांच्यात एक खास मऊ आवाज असतो. आजारी मांजराशी बोलावं तसा. अर्व्हिलाला तो उत्तम जमायचा. उभ्या आयुष्यात तिने तो बाहेरच्यांवर वापरला होता. आता दारात उभी राहून प्रत्येक बाई तिलाच मऊ आवाजात विचारत होती, "कशा आहात तुम्ही? म्हणजे खऱ्या अर्थाने?"

ती पीचच्या किडीबद्दल सांगायला लागायची. समोरची मान डोलवायची. पण डोळ्यांत कीड नसायची, झाडही नसायचं. ती फक्त कुठे फट मिळते ते बघत असायची, आपलं आणलेलं वाक्य सरकवायला. चौथ्या बाईच्या वेळी अर्व्हिलाला एकदम त्याच दुपारी वूलाने ओसरीवर सांगितलेली ती लोला आठवली, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं. आपणही किती जणींच्या किडीकडे असंच दुर्लक्ष केलं असेल, या विचाराने ती रात्रीचं जेवण अर्धंच टाकून उठली. माणसांनी भरलेल्या त्या दिवसाइतकं एकटं तिला व्हर्लच्या मयतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तिने खुलासा करून पाहिला नाही असं नाही. पण जितकं ‘माझं सगळं ठीक आहे’ म्हणावं, तितकं समोरच्याचं डोकं सहानुभूतीने कलायचं. शेवटी पुढच्या बुधवारी दुपारी बिशप स्वतः आले. बिशप टॅनर मॅडसन टर्की पाळायचे, आणि लहानपणी रविवारच्या वर्गात अर्व्हिलाच्याच मांडीवर झोपायचे. बरोबर सिस्टर जॉर्गन्सन, आणि शिवाय नव्या लोकांना धर्म समजावून सांगणारे दोन तरुण मिशनरी. चौघं बैठकीच्या खोलीत अर्धगोलात बसले. मधली खुर्ची अर्व्हिलासाठी सोडली. ती पाणी आणायला आत गेली, आणि नेमकी त्याच वेळी वूला जाळीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बुधवार असूनही अर्व्हिला आली नाही, म्हणून ती आपण होऊन बघायला आली होती.

तिने पाहिलं. बिशप, भगिनी मंडळ, टाय लावलेले दोघं आणि मधे एक रिकामी खुर्ची. आयुष्यभर ज्या खुर्चीपासून ती लांब पळाली ती हीच. अर्व्हिला पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा वूलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"महिनासुद्धा दम निघाला नाही ना तुला," वूला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मला वाटलं होतं, तू तरी."

आणि ती वळली.

"वूला, थांब!" अर्व्हिलाने ट्रे सरळ एका मिशनऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि दाराकडे धावली. "अगं, ती खुर्ची तुझी नाही. माझी आहे! हे मला धरायला आलेत!"

"तुला?"

"मला वाचवायला आलेत. तुझ्यापासून!"

वूला पायरीवर थबकली. तिने एकदा अर्व्हिलाकडे पाहिलं, एकदा त्या चौघांकडे. मग जाळीचं दार उघडून ती तरातरा आत आली आणि कुणी बस म्हणायच्या आत त्या मधल्या खुर्चीत बसली.

"साहेब, मी जन्मभर तुमच्या लोकांमध्ये राहिले," ती बिशपना म्हणाली. "पण हिच्याइतकी मॉर्मन बाई मी पाहिली नाही. तीन आठवडे ही माझ्यासमोर चर्चचा च काढत नाहीये आणि तीन आठवडे मला दुसरं काही ऐकूच येत नाहीये. पोरगा फिनलंडमध्ये दारं वाजवत फिरला म्हणते. नवरा जाळी असलेल्या हॉलमध्ये भेटला म्हणते. तळघरात गहू कशाला, तर म्हणते, असू दे! हिने मला शब्द दिला होता, म्हणून गप्प होती. आणि तुम्ही येऊन हिचंच गवत कापताय?"

मिशनऱ्याच्या मांडीवर ट्रेमधलं पाणी हेलकावत होतं. सिस्टर जॉर्गन्सन यांनी अगदी हळू आवाजात, त्या मऊ नव्हे, खरोखरच्या हळू आवाजात विचारलं की मग त्या भांड्यात काय होतं?

"झाडपाला," वूला म्हणाली. "घ्याल का थोडा?"

बिशप आधी हसले, आणि मग टर्कीवाल्याला शोभेल असे मोठ्याने हसले. जाताना चौघांनी वूलाशी हात मिळवले. त्यातला एक मिशनरी सवयीने खिशात हात घालून पत्रक काढणार होता, पण बिशपनी त्याला कोपराने ढोसलं.

सगळे गेल्यावर दोघी त्याच अर्धगोलात बसून राहिल्या. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मग वूला म्हणाली, की आता महिना गेला खड्ड्यात. तिला एक विचारायचं होतं, आणि ते चर्चबद्दलच होतं.

"तुमच्यात म्हणतात, नवरा पुन्हा भेटतो. तुला वाटतं तसं?"

"हो," अर्व्हिला म्हणाली, आणि तीन आठवडे अडवून धरलेलं सगळं तिच्या तोंडून वाहायला लागलं. मॉर्मनांच्या खास देवळात त्यांचं लग्न कसं मरणानंतरही टिकणारं म्हणून लागलं. व्हर्ल झोपेत घोरायचा, आणि आता ती घराच्या शांततेने जागी होते. त्याची टोपी अजून खुंटीवर आहे, आणि तो पुन्हा भेटला की पहिल्यांदा हीच टोपी मागणार. ती रडली, आणि तिने डोळे पुसले नाहीत. वूला ऐकत होती. कुठेही फट शोधत नव्हती.

"माझा कोस्तास पण घोरायचा," वूला म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि मी? तू असशील तिथे मी असेन का?"

या प्रश्नाचं उत्तर अर्व्हिलाला लहानपणापासून पाठ होतं. स्वर्गाच्या पायऱ्या, कुठल्या पायरीवर कोण, वर चढायला काय लागतं, सगळं. ते ओठांपर्यंत आलं. समोर वूला बसली होती, स्वेटरचं बटण चुकीच्या काजात घातलेली. एकाही पायरीवर तिला ठेवायला अर्व्हिलाचा हात धजेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. "पण तू असावीस, असं मला फार वाटतं."

जाताना वूलाने अर्व्हिलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्त वेळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बिशपचा फोन. आवाजात नुसता उत्साह! रात्री प्रार्थना करताना त्यांना प्रेरणा झाली होती. सिस्टर सोरेन्सन आणि त्या ग्रीक बाईंचं इतकं छान जमतं, तर ते घर रीतसर अर्व्हिलाच्याच नेमणुकीत का देऊ नये? महिन्यातून एक भेट, एक चांगला विचार, आणि नंतर कसं झालं ते कळवायचं.

अर्व्हिलाने वॉर्डात पेटी वाजवली होती, पोरांचे वर्ग घेतले होते, मुलींच्या शिबिरात दीडशे जणींचा रस्सा ढवळला होता. चर्चने सांगितलेल्या कामाला नाही म्हणायची त्यांच्यात पद्धतच नाही.

"नाही," ती म्हणाली.

पलीकडे टर्कींचा कलकलाट तेवढा ऐकू आला. "म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे जाणार नाही?" बिशपनी काळजीने विचारलं.

"जाणार आहे, टॅनर. म्हणूनच तर नको."

बिशपना काही उमगलं नाही. ते म्हणाले, बरं, मी यावर पुन्हा प्रार्थना करतो.

अर्व्हिलाने फोन ठेवला, एप्रन सोडला आणि तशीच निघाली. दाराशी सवयीने तिचा हात फडताळाकडे गेला आणि पीचची बरणी हातात आली. तिने ती परत ठेवून दिली. पायऱ्या उतरताना तिचं काळीज पहिल्यांदा नाचाला निघालेल्या मुलीसारखं धडधडत होतं.

वूलाने दार उघडलं. "आज बुधवार नाहीये," ती म्हणाली. तिने अर्व्हिलाच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "काय आणलंयस?"

"काही नाही."

"काही सांगायचंय?"

"नाही."

"मग?"

"उगाच आले," अर्व्हिला म्हणाली, आणि लाजली.

सत्तर वर्षांच्या मुरलेल्या संशयाने वूला तिच्याकडे बघत राहिली. ताटली नाही, पुस्तक नाही, मऊ आवाजही नाही. अर्व्हिला दारात अवघडून उभी होती. कुणाच्या घरी ती अशी रिकाम्या हाताने कधी गेलीच नव्हती, त्यामुळे हात ठेवायचे कुठे हे तिला कळत नव्हतं. आधी तिने ते पुढे बांधले, मग मागे.

"ये आत," वूला म्हणाली, आणि तिच्या हातात घेवड्याच्या शेंगांची परात दिली. "उगाचच आली आहेस, तर निवड एवढ्या."